दोन ओळींची अदलाबदल

ओपनबीएसडी नावाची एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कॅनडातल्या कॅल्गरी शहरातून तिचा कारभार चालतो. तिच्या संकेतस्थळावर पहिल्याच पानावर एक फुशारकी छापलेली असते. शतक बदललं त्या सुमाराला ती साधारण अशी होती: पाच वर्षं झाली, डीफॉल्ट इन्स्टॉलमध्ये बाहेरून शिरता येईल असं एकही भोक नाही. वाक्य मोठं हिशेबी आहे. ‘बाहेरून’ म्हटलं की मशीनवर आधीच लॉगिन असलेल्या माणसाचे उद्योग मोजणीतून सुटले. ‘डीफॉल्ट इन्स्टॉल’ म्हटलं की तुम्ही स्वतः चालू केलेल्या सेवांची जबाबदारी तुमच्यावर. आणि डीफॉल्टमध्ये जवळजवळ सगळंच बंद! टीकाकार म्हणायचे, सगळं बंद ठेवायचं आणि कुणी आत आलं नाही म्हणून मिरवायचं, यात कसलं शौर्य? टीका अगदीच खोटी नव्हती. पण रात्री-अपरात्री सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांना ते ‘सगळं बंद’च हवं असायचं. त्या काळी दुसरी कुठलीही सिस्टीम बसवली की न मागता चालू झालेल्या गोष्टी शोधून बंद करण्यातच पहिला अर्धा दिवस जायचा.

एक गोष्ट मात्र कुणालाच बंद करता येत नाही. नेटवर्कची वायर लावली की आलेलं पॅकेट सर्वांत आधी हातात घेणारा कोड. तो कर्नलमध्ये असतो. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. तिथल्या कोडला कुणाची परवानगी लागत नाही, कारण परवानग्या देणारा तोच. मेल सर्व्हरमध्ये भोक पडलं तर मेल सर्व्हर जातो. कर्नलमध्ये पडलं तर अख्खं मशीन जातं. ओपनबीएसडीच्या भोकांची मोजणी २००७ साली एकावरून दोनवर गेली, ती इथं. मी तेव्हा पुण्यात एका मध्यम आकाराच्या ऑफिसचं नेटवर्क बघत होते आणि फायरवॉल म्हणून एका जुन्या पेंटियमवर ओपनबीएसडीच चालवत होते, म्हणून ते प्रकरण मी जवळून वाचलं. वाचता वाचता कळलं की त्याची कुळकथा बरीच जुनी आहे.

ती सुरू होते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाला अर्पानेट या आपल्या नेटवर्कसाठी युनिक्समध्ये टीसीपी/आयपी ही मशीनांमधल्या संवादाची पद्धत हवी होती. १ जानेवारी १९८३ला अर्पानेट जुन्या पद्धतीवरून टीसीपी/आयपीवर आलं आणि त्याच वर्षी बर्कलीची ४.२बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. ती चालायची व्हॅक्स मशीनवर. खोलीभर मशीन आणि मेमरी काही मेगाबाइट. त्यातच डझनावारी लोक एकाच वेळी काम करणार. अशा ठिकाणी नेटवर्कच्या कोडपुढं एक नेहमीची अडचण असायची. कुणी दूरच्या मशीनवर टाइप करत असेल तर एका अक्षरासाठी एक पॅकेट: माल १ बाइट आणि वर चाळीस बाइटचे मथळे. दुसरा कुणी फाइल पाठवत असेल तर माल हजार बाइटच्या वर. प्रत्येक पॅकेटला मोठी जागा द्यावी तर मेमरी वाया, लहान द्यावी तर माल मावत नाही. शिवाय टीसीपी आपला मथळा पुढं जोडणार, त्याच्या पुढं आयपी, त्याच्या पुढं इथरनेट. प्रत्येक वेळी सगळा माल उचलून पुढं-मागं सरकवायचा तर मशीन त्यातच दमणार.

यावर तोडगा निघाला एमबफचा. एमबफ म्हणजे मेमरीचा १२८ बाइटचा तुकडा. पुढच्या थोड्या बाइटमध्ये माहिती, उरलेल्यात माल. एकात मावलं नाही तर दुसरा त्याला साखळीनं जोडायचा. पुढं मथळा जोडायचा असेल तर साखळीच्या तोंडाशी नवा एमबफ लावायचा, मागच्या मालाला हात लावायचा नाही. आणि माल फारच असेल तर एक वेगळी मोठी जागा घ्यायची, तिला क्लस्टर म्हणतात. मग एमबफमध्ये माल नसतोच, फक्त क्लस्टरचा पत्ता असतो आणि ‘माल बाहेर आहे’ असं सांगणारी एका बिटाची खूण असते. स्वयंपाकघरातला डबा उघडावा आणि आत डाळीऐवजी चिठ्ठी निघावी, ‘डाळ कोठीत आहे, तिथून घे’, तसा हा प्रकार. डब्यात हात घालणाऱ्या प्रत्येकानं आधी ती खूण बघायची असा अलिखित नियम.

मला एमबफ कळले ते रिचर्ड स्टीव्हन्स आणि गॅरी राइट यांच्या १९९५च्या जाडजूड पुस्तकातून. ‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’चा दुसरा खंड. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानदारानं तो मला मागवून दिला आणि ‘ताई, हे कुठल्या परीक्षेला आहे?’ असं विचारलं. कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं. त्या पुस्तकात बर्कलीच्या नेटवर्क कोडच्या १५ हजार ओळी छापून त्यांवर भाष्य केलेलं आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांवर टीका लिहायची आपल्याकडची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते पुस्तक परकं वाटणार नाही: वर मूळ, खाली भाष्य, अधूनमधून ‘इथं मूळ चुकलं आहे’ असा शेरा. त्यातले आकडे मला अजून पाठ आहेत. साध्या एमबफमध्ये मालाला जागा १०८ बाइट. साखळीच्या तोंडाशी असलेल्या एमबफमध्ये अख्ख्या पॅकेटची माहितीही ठेवावी लागते, म्हणून तिथं १००. क्लस्टर २०४८. हे १०० बाइट पुढं महत्त्वाचे ठरणार आहेत.

हे सगळं सी भाषेत लिहिलेलं. सी भाषेत मेमरीची जागा आणि तिची लांबी या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नसतात. ‘इथून पुढं २००० बाइट लिही’ म्हटलं की ती लिहिते. तिथं जागा दोनशेचीच होती हे लक्षात ठेवायचं काम लिहिणाऱ्याचं. याला पर्याय माहीत नव्हता असंही नाही. टोनी होअर यांनी १९८०च्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितलं होतं की एलियट कंपनीसाठी त्यांनी साठच्या दशकात केलेल्या अल्गोल कंपायलरमध्ये ॲरेची सीमा दर वेळी तपासली जायची, आणि वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करायची सोय देऊ का असं विचारल्यावर गिऱ्हाइकांनी एकमुखानं नको म्हटलं होतं. बेल लॅब्जमध्ये सत्तरच्या दशकात सी घडली तेव्हा ती चैन परवडण्यासारखी वाटली नसावी. पुढं मशीनं हजारपट मोठी झाली आणि कोड तसाच राहिला.

कर्नलच्या बाबतीत याची एक जाहीर झलक १९९६ साली मिळाली. आयपी पॅकेटची लांबी १६ बिटांत लिहितात, म्हणून ते ६५,५३५ बाइटपेक्षा मोठं असूच शकत नाही. पण मोठं पॅकेट तुकड्यांत पाठवता येतं, आणि शेवटचा तुकडा ६५,५२८व्या बाइटपासून सुरू होतो असं सांगून त्यात सातपेक्षा जास्त बाइट भरले, तर जोडणी झाल्यावर ते मर्यादेबाहेर जातं. तुकडे जोडणाऱ्या कितीतरी कर्नलांनी ही बेरीज तपासलीच नव्हती. ‘पिंग ऑफ डेथ’ हे त्याचं नाव. विंडोज ९५वर एक ओळ टाइप केली की समोरचं मशीन कोसळायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये पोरं ती ओळ कागदावर लिहून एकमेकांना द्यायची आणि शेजारच्याचा जर्नलचा प्रोग्रॅम सेव्ह व्हायच्या आत त्याचं मशीन पाडायची. पुढच्या वर्षी ‘टिअरड्रॉप’ आला. एकमेकांवर चढलेले तुकडे पाठवायचे, मग वजाबाकीचं उत्तर ऋण यायचं आणि तोच आकडा प्रचंड मोठा धन समजून कर्नल तितकी मेमरी कॉपी करायला धावायचं. या सगळ्याकडे तेव्हा खोडी म्हणूनच बघितलं गेलं. मशीन पडलं, बटण दाबलं, परत उठलं. येणाऱ्या पॅकेटमुळे कर्नलची मेमरी भलतीकडे लिहिली जाते आहे, मग लिहिणाऱ्यानं काय लिहायचं ते ठरवलं तर? हा प्रश्न विचारणारे होते, पण थोडे.

ओपनबीएसडी जन्माला आली ती याच काळात. थिओ डी राट हा बर्कलीच्या कोडमधून निघालेल्या नेटबीएसडी या सिस्टीमच्या संस्थापकांपैकी एक. तिथून भांडून बाहेर पडला आणि १९९५च्या ऑक्टोबरात त्यानं स्वतःची शाखा काढली. भांडकुदळ म्हणून त्याची ख्याती होती, ती काही विनाकारण नव्हे. पण १९९६पासून त्याच्या मंडळींनी जे आरंभलं ते त्याआधी कुणी इतक्या नेटानं केलं नव्हतं: अख्ख्या सिस्टीमचा कोड, फाइलमागून फाइल, ओळीमागून ओळ वाचून काढायचा. त्यामागचं तत्त्व मला आजही पटतं. भोक शोधू नका, चूक शोधा. चूक दिसली की दुरुस्त करा. तिचा गैरवापर कुणाला करता येईल का, यावर वाद घालत बसू नका. एका जागी एक प्रकारची चूक सापडली की तीच चूक सगळ्या कोडमध्ये शोधा. पुष्कळदा असं व्हायचं की इतर सिस्टीममध्ये गाजणारं भोक ओपनबीएसडीत सहा महिने आधीच बुजलेलं असायचं, तेही भोक म्हणून नव्हे, नुसती चूक म्हणून.

२००२च्या जूनमध्ये पहिला तडा गेला. दूरच्या मशीनवर लॉगिन करण्यासाठीच्या त्यांच्याच ओपनएसएसएचमध्ये भोक निघालं आणि पहिल्या पानावरच्या ‘एकही नाही’चं ‘एकच’ झालं. पण एसएसएच ही सेवा आहे. तिचे अधिकार काढून घेता येतात, तिला वेगळ्या कप्प्यात कोंडता येतं. तसं त्यांनी केलंही. पुढच्या वर्षी आलेल्या ३.३ आवृत्तीत जिथं लिहिता येतं तिथून कोड चालवता येणार नाही, अशी मेमरीची शिस्त आली. स्टॅकवर पहारे आले. ही तटबंदी उभी राहिली ती मुख्यतः कर्नलच्या बाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी. ज्या इंटेल मशीनवर आम्ही सगळे होतो, तिथं खुद्द कर्नल जुन्याच भरवशावर चाललं होतं.

आता जपान, कारण २००७चं भोक निघालं ते तिथून आलेल्या कोडमध्ये. आयपीव्ही४चे ३२ बिटी पत्ते संपणार हे नव्वदच्या दशकातच दिसत होतं. आयपीव्ही६मध्ये पत्ता १२८ बिटांचा झाला. कागदावर प्रमाण ठरलं, पण चालणारा, फुकट वाटता येणारा कोड कोण लिहिणार? १९९८ साली जपानमध्ये फुजित्सू, हिताची, आयआयजे, एनईसी, तोशिबा, योकोगावा अशा काही कंपन्यांनी आपापली माणसं एकत्र बसवली आणि ‘कामे’ हा प्रकल्प सुरू केला. कामे म्हणजे जपानीत कासव. त्यांच्या संकेतस्थळावर आयपीव्ही६वरून गेलं तर कासव नाचायचं, आयपीव्ही४वरून गेलं तर ते नुसतंच बसलेलं दिसायचं. पुण्यातून ते नाचताना बघायचं म्हणून मी परदेशातल्या एका टनेलवाल्याकडून जोडणी घेऊन बरीच झटापट केली होती. ऑफिसच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

कामेच्या मधोमध बसलेला माणूस होता जुन-इचिरो हागिनो. सगळं जग त्याला ‘इतोजुन’ म्हणायचं. बर्कलीच्या कोडमधून निघालेल्या तेव्हाच्या चारही मुख्य बीएसडींमध्ये आयपीव्ही६ गेलं ते बव्हंशी त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या हातून. तो ओपनबीएसडीचाही डेव्हलपर होता. २०००च्या युझनिक्स परिषदेत त्यानं एक निबंध वाचला, विषय फक्त एमबफ. आमच्या धंद्यातल्या निबंधांत तो मला विशेष आवडतो, कारण त्यात घमेंड नाही, नुसती ओल्या जागेची पाहणी आहे. बर्कलीच्या कोडनं गृहीत धरलं होतं की सगळे मथळे मिळून त्या १०० बाइटच्या आत बसतील, मग ते एका एमबफमध्ये सलग ओढून घ्यायचे आणि सरळ वाचायचे. आयपीव्ही४मध्ये ते चालून गेलं, मूळ मथळा २० बाइटचाच. आयपीव्ही६चा मूळ मथळाच ४०, आणि त्याला मागून वाढीव मथळ्यांची शेपूट लागते, कितीही लांब. वर कूटलेखनाचे मथळे. शंभराची भिंत तुटणार हे उघड होतं. म्हणून इतोजुननं सलग ओढून घेण्याची नवी रीत लिहिली. ती एका छोट्या फाइलमध्ये बसली आणि कामेच्या बाकी कोडबरोबर कॅल्गरीला पोचली.

त्या फाइलमध्ये एक मदतनीस फंक्शन होतं, एम_डप१. काम एवढंच: एका एमबफमधल्या मालाची नक्कल दुसऱ्या, नव्या एमबफमध्ये करून द्यायची. २००७ साली ओपनबीएसडीत त्याचं वागणं असं होतं. नवा एमबफ घे. (एव्हाना तो १२८ऐवजी २५६ बाइटचा झाला होता.) माल त्यात मावणार नसेल तर २०४८ बाइटचं क्लस्टर घे आणि ‘माल बाहेर आहे’ ही खूण कर. मग मूळ पॅकेटच्या माहितीचा मथळा नव्यावर उतरव. मग माल कॉपी कर. ऐकायला सरळ आहे. पण मथळा उतरवणारा मॅक्रो नव्या एमबफवरच्या खुणा पुसून मूळच्या खुणा लिहायचा, त्यातली क्लस्टरची खूण गाळायचा, आणि मालाचा पत्ता परत डब्याच्या आतल्या जागेवर आणून ठेवायचा. कोऱ्या एमबफवर हे चालवलं तर योग्यच. इथं तो चालायचा क्लस्टर घेऊन झाल्यावर. म्हणजे कोठीतली जागा घेतलेली, चिठ्ठी लिहिलेली, आणि लगेच चिठ्ठी पुसलेली. मग पुढची ओळ निमूटपणे हजारभर बाइट त्या २५६च्या डब्यात ओतायची आणि उरलेलं शेजारच्या डब्यात सांडायचं.

ओळी वेगवेगळ्या वाचल्या तर प्रत्येक बरोबर. जागा पुरेल का, हे तपासलेलंही आहे. चूक फक्त क्रमात. ओळीमागून ओळ वाचणाऱ्या जगातल्या सर्वांत चिकाटीच्या वाचकांच्या नजरेतून ती सुटली, याचं मला नवल वाटत नाही. मॅक्रो दुसऱ्या फाइलमध्ये आणि आपण वाचतोय ही फाइल. लांबीची तपासणी दिसली की डोळा समाधानानं पुढं सरकतो. आणि मुळात २००७ साली आयपीव्ही६ची मुद्दाम वाकडी, तुकड्यातुकड्यांची पॅकेट पाठवून बघणारं होतं कोण?

होतं एक जण, आल्फ्रेदो ओर्तेगा, कोअर सिक्युरिटी या कंपनीचा संशोधक. कंपनीची मुळं ब्यूनोस आयर्समधली. फेब्रुवारीत त्यांनी ओपनबीएसडीला कळवलं की आयसीएमपीव्ही६ची, म्हणजे आयपीव्ही६च्या कारभारी निरोपांची, विशिष्ट तुकड्यांत आलेली पॅकेट कर्नलची मेमरी बिघडवतात. २६ फेब्रुवारीपर्यंत दुरुस्ती कोडमध्ये दाखलही झाली: मथळा उतरवणारी ओळ वर, क्लस्टर घेणारी खाली. आठवड्याच्या आत. इतकी तत्परता आजही फार जण दाखवत नाहीत.

वाद झाला तो पुढं. ओपनबीएसडी आपल्या दुरुस्त्यांवर दोन शिक्के मारते, ‘रिलायबिलिटी’ आणि ‘सिक्युरिटी’. मशीन पडतं एवढंच असेल तर पहिला, कुणी आत शिरू शकत असेल तर दुसरा. त्यांचं म्हणणं, या चुकीनं मशीन पडतं, बस. पॅच निघाला तो रिलायबिलिटीच्या शिक्क्यानं. कोअरचं म्हणणं, मेमरी बिघडते आहे, ती कुठल्या अर्थानं बिघडते ते अजून आम्ही बघतोय. आणि मार्चच्या सुरुवातीला त्यांनी बघून दाखवलं. सांडलेला माल शेजारच्या एमबफच्या तोंडावर पडतो. त्या तोंडाशी, क्लस्टर घेतलेलं असेल तर, एक पत्ता असतो: ‘हा माल टाकून द्यायची वेळ आली की या फंक्शनला हाक मार.’ पॅकेट पाठवणाऱ्यानं शेजाऱ्याच्या तोंडावर ‘माल बाहेर आहे’ ही खूण स्वतः लिहायची, त्या पत्त्याच्या जागी आपला पत्ता लिहायचा, आणि थांबायचं. कर्नल स्वच्छता करायला आलं की आपण होऊन पाहुण्याच्या कोडला हाक मारतं, सर्वाधिकारांसह. कर्नलमध्ये लिहिता येणाऱ्या मेमरीतून कोड चालवायला मज्जाव नव्हताच. तटबंदी जवळजवळ सगळी बाहेर होती, आणि हा कोड जन्मला आत.

चालणारा नमुना समोर आल्यावर शिक्का बदलला. १३ मार्च २००७ला कोअरचं पत्रक निघालं आणि पहिल्या पानावरच्या ‘एक’चे ‘दोन’ झाले. कुणी म्हणतील, बदलला ना, मग झालं. मला ते मधले दिवस खटकतात. थिओच्या मंडळींनी काही लपवलं असं मी म्हणत नाही, पॅच तर त्यांनी आधीच दिला होता. पण ज्यांनी अकरा वर्षं जगाला शिकवलं की गैरवापराचा पुरावा मागू नका, चूक ती चूक, त्यांनीच ऐन वेळी पुरावा मागितला. आणि शिक्क्याला अर्थ असतो तो कॅल्गरीत नव्हे, तो वाचणाऱ्याच्या टेबलावर. तेव्हा तयार बायनरी पॅच मिळत नसे. पॅच उतरवायचा, सोर्सवर चढवायचा, कर्नल नव्यानं बांधायचं. माझ्या त्या म्हाताऱ्या पेंटियमवर ते काम तासन्‌तास चाले आणि शेवटी रीबूटसाठी सगळ्या ऑफिसचं नेट बंद. रिलायबिलिटी लिहिलं असेल तर माणूस म्हणतो, महिनाअखेरच्या शनिवारी बघू. सिक्युरिटी लिहिलं असेल तर आज रात्री थांबतो.

माझ्याबरोबर तेव्हा सांगलीकडचा एक मुलगा नव्यानं लागला होता. हुशार, पण रात्री थांबायचं म्हटलं की त्याला कायदा आठवायचा. तो म्हणाला, “मॅडम, आपल्याकडं आयपीव्ही६ हायच कुठं? आपल्याला काय फरक पडतोय?” मी त्याला फायरवॉलच्या स्क्रीनवर आणून उभा केला आणि नेटवर्क कार्डांची यादी दाखवली. प्रत्येक कार्डावर आमच्या नेहमीच्या पत्त्याखाली एफई८० पासून सुरू होणारा एक लांबलचक पत्ता बसलेला. कुणी दिलेला नाही, कार्ड चालू झालं की सिस्टीमनं आपणच घेतलेला. आयपीव्ही६ आम्ही वापरत नव्हतो, पण ते आमच्याकडे होतं. त्याच केबलवर बसलेला कुणीही, म्हणजे रिसेप्शनजवळच्या पाहुण्यांच्या खुर्चीतला माणूससुद्धा, त्याला पॅकेट पाठवू शकत होता. दूरच्या हल्लेखोराला मात्र मधे आयपीव्ही६चा रस्ता लागला असता, आणि तो पुण्यात नव्हता, ही खरी गोष्ट. त्या रात्री आम्ही पॅच चढवला. तोवरची तजवीज म्हणून पत्रकात सुचवलेली एक ओळ फायरवॉलच्या नियमांत वर टाकली: आयपीव्ही६ आलं की सरळ अडव. ही ओळ त्या काळात हिंदुस्थानभर कॉपी झाली असणार. पुढं कितीतरी वर्षांनी, मोबाइल कंपन्यांनी सर्रास आयपीव्ही६ सुरू केलं तेव्हा ‘फोनवर चालतं आणि ऑफिसात चालत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींत मी ती ओळ परक्या फायरवॉलांवर बघितली आहे. ती का टाकली होती, हे तिथं कुणाला ठाऊक नसायचं.

ओर्तेगा आणि त्याचा सहकारी हेरार्दो रिचार्ते यांनी त्या उन्हाळ्यात लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत सगळी करामत उलगडून दाखवली. ऑक्टोबरच्या शेवटी इतोजुन वारला. वय चाळिशीच्या आतलं. पुढं त्याच्या नावानं आयपीव्ही६साठी काम करणाऱ्यांसाठी पुरस्कार ठेवला गेला. लिहिता येईल तिथून कोड चालणार नाही ही शिस्त ओपनबीएसडीच्या कर्नलमध्ये, ६४ बिटी मशीनवर, २०१५च्या ५.७ आवृत्तीत आली. २०१७च्या ६.२पासून दर वेळी मशीन सुरू होताना कर्नलचे तुकडे नव्या क्रमानं जोडले जातात, म्हणजे पाहुण्याला कुठला पत्ता लिहायचा तेच कळू नये. आपण होऊन एफई८०चे पत्ते घेणंही त्यांनी पुढं बंद केलं. मला तरी या सगळ्या कामाच्या मुळाशी २००७चा तो मार्च दिसतो, जरी तिथली माणसं तसं म्हणणार नाहीत.

एमबफ मात्र सगळ्यांनीच उचलले नाहीत. इतरांनी आपापले डबे केले आणि आपापल्या जागी सांडले. १३ ऑक्टोबर २०२०ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०साठी एक दुरुस्ती काढली. परत आयसीएमपीव्ही६, परत कर्नलमधला कोड. राउटर आपल्या घोषणेत डीएनएसचे पत्ते पाठवतो, त्या भागाची लांबी आठ-आठ बाइटांत मोजतात आणि ती नेहमी विषम यायला हवी. सम पाठवली की विंडोजचा हिशेब एका जागेनं चुकायचा आणि स्टॅकवर माल सांडायचा. पहिल्या दोन-चार दिवसांत जे नमुने फिरले त्यांनी फक्त निळा स्क्रीन यायचा. सांगलीचा तो मुलगा आता एका कंपनीत शंभरेक मशीनं आणि चार माणसं सांभाळतो. त्याचा मेसेज आला: “मॅडम, नुसताच ब्लू स्क्रीन येतोय म्हणतात. पुढच्या महिन्यात केलं तर चालंल ना?” मी त्याला ओर्तेगाचं जुनं पत्रक पाठवलं आणि लिहिलं, तारखा वाच. तासाभरानं उत्तर आलं. पत्रकाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. निम्मी मशीनं लोकांच्या घरी आहेत, व्हीपीएन धड चालत नाही, आणि ऑफिसातल्या निम्म्यांसाठी लॉकडाऊनमध्ये हिंजवडीला जायला चौघांपैकी कुणी तयार नाही, तर माझ्या ओळखीचं कुणी तिथं जाईल का, असं त्यानं विचारलं होतं.